‘हे लोक असेच’ असं तोंडातून निघायला लागतं तेव्हा

या वेळी तीन पत्रं घेतलीयत, तिन्ही गरिबांमध्ये सेवा करणाऱ्या घरांतून आलेली. पहिल्याचं उत्तर लांबलंय, ते तसंच राहू दिलं, कारण हा विषय माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलेला आहे. नावंगावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावात सलाम. नऊ वर्षं झाली, मी आणि माझे मिस्टर एका गरीब वस्तीत सेवा करतोय. मुलांचा अभ्यासवर्ग, बायकांची प्रार्थना, दवाखान्याच्या फेऱ्या, व्यसनी माणसांना सेंटरला पोचवणं, सगळं. सुरुवातीला रात्री बाराला दार वाजलं तरी उठून जायचे आणि आनंदाने जायचे. आता फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. एका माणसाला आम्ही तीनदा दारूतून बाहेर काढलं, तिसऱ्या वेळी त्याच्या बायकोला शिलाई मशीन घेऊन दिलं, दोन महिन्यांत त्याने ते विकलं. एका बाईने मुलाच्या ऑपरेशनसाठी पैसे नेले, नंतर कळलं ऑपरेशन वगैरे काही नव्हतंच. मागच्या महिन्यात टीमच्या मीटिंगमध्ये एक नवीन मुलगी एका कुटुंबाबद्दल अगदी कळवळून सांगत होती आणि मी पटकन बोलून गेले, "अगं हे लोक असेच, कळेल तुला हळूहळू." तिचा चेहरा पडला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. प्रार्थनेला बसते तर शब्द येत नाहीत. आमच्या पाळकांना सांगितलं तर म्हणाले उपास-प्रार्थना वाढव, सैतान हल्ला करतोय. देवाने या सेवेसाठी बोलावलं ते माझं पाचारण संपलं का ताई? की माझा विश्वासच गेला?

उत्तर: अगं, आधी शेवटच्या दोन प्रश्नांचं बोलू, म्हणजे आज रात्री तरी तू जरा टेकशील. ज्याचा विश्वास गेला त्याला त्या नव्या मुलीचा पडलेला चेहरा दिसला नसता. तुला दिसला आणि महिनाभर तो झोपू देत नाहीये, म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे आणि ते दुखतंय. पाचारणाचं म्हणशील तर तो निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याने घेतला होता, काय झालं बघ. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं, लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हा माणूस जीव मुठीत धरून पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला पुरे झालं देवा, आता माझा जीव घे. १ राजे १९ परत एकदा सावकाश वाच, उपदेशासाठी नको, स्वतःसाठी वाच. देवाने त्याला तिथे एकही प्रश्न विचारला नाही, प्रार्थना वाढव असंही म्हटलं नाही, झोपू दिलं. दूताने उठवून खायला घातलं, पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, आणि कारण काय दिलं तर पुढची वाट तुला झेपणार नाही. "तू इथे काय करतोस" हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर. तुझ्या पाळकांच्या मनात तुझ्याबद्दल काळजीच असणार, पण त्यांनी क्रम उलटा लावला असं मला स्पष्ट वाटतं.

म्हणून पहिलं काम शरीराचं. डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं. त्यांना झोपेचंही सांग आणि मनाचंही सांग, लपवू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी नोंद केली त्यात तो कामातून येणारी अवस्था म्हणून धरलाय, आजार म्हणून नाही. नैराश्य मात्र आजार आहे, त्याला औषध आहे, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे आपलं आपण ठरवायचं नाही. आणि जगूच नये असं कधी मनात येत असेल तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आजच्या आज मिस्टरांना आणि डॉक्टरांना सांग. सेवेकरी माणसं हे सांगायला फार लाजतात आणि त्या लाजेपायी माणसं गेलेली मी पाहिलीयत.

आता एक गोष्ट जी मला कुणी वेळेवर सांगितली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. बर्नआउट हा शब्द आज ऑफिसातल्या लोकांच्या तोंडी असतो, पण तो आधी दिसला कुठे, तर गरिबांसाठी चालवलेल्या एका फुकट दवाखान्यात. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसतज्ज्ञ होते, दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री त्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करायचे, स्वतः कोसळले, आणि १९७४ साली त्यांनी यावर लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं की जो जास्त जीव ओततो तोच आधी जळतो. आणि जळताना फक्त थकत नाही, लवकर चिडतो, संशयी होतो, समोरचा आपल्याला फसवतोय असं त्याला वाटायला लागतं. नंतर क्रिस्टिना मॅस्लॅक या संशोधिकेने याचे तीन पदर दाखवले: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत बघ, फोन, मीटिंगमधलं वाक्य, आणि मशीन. म्हणजे तुझं ते वाक्य हे तुझं खरं रूप बाहेर आलं असं नाहीये, तो ताप आहे. तापात माणूस बरळतो.

पण तापाचंही कारण शोधावं लागतं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण हे मी आधी स्वतःला बोललेय. आपल्यासारख्या माणसांनी मनातल्या मनात एक करार केलेला असतो जो कुठे लिहिलेला नसतो आणि समोरच्याने त्यावर सही केलेली नसते. मी तुझ्यासाठी रात्री उठेन, माझी बचत मोडेन, माझ्या मुलांचा वेळ तुला देईन, आणि त्या बदल्यात तू सुधारशील. निदान खोटं बोलणार नाहीस. निदान मंडळीत, म्हणजे चर्चला, येशील. त्या माणसाने मशीन विकलं तेव्हा त्याने बायकोचा तर घात केलाच, पण तुला जे लागलं ते हे की त्याने हा करार मोडला, आणि त्याला बिचाऱ्याला असा काही करार आहे हेच माहीत नव्हतं. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच. येशूनेही विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? म्हणजे त्यालाही लागलं, आपल्याला लागतं यात पाप नाही. पण त्या नऊ जणांचं बरं झालेलं अंग त्याने परत घेतलं नाही, आणि पुढच्या गावात आजारी माणूस भेटला तेव्हा आधी तू परत येणार का ते सांग असंही म्हणाला नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. सेवेचं अकरावं वर्ष असेल. संध्याकाळची वेळ, मी घरात एकटी, दाराच्या फटीतून मला एका बाईच्या चपला दिसल्या, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि त्याला सेफ्टी पिन लावलेली, त्यामुळे कोण आहे ते लगेच कळलं. तिने दार वाजवलं आणि मी उठून दिवा बंद केला. अंधारात भिंतीला टेकून उभी राहिले. तिने तीनदा वाजवलं, थोडा वेळ थांबली, मला तिचा श्वास ऐकू येत होता, तिला माझा येत असेल का असं वाटून मी तोंडावर हात धरला. मग ती गेली. ती कशासाठी आली होती हे मला आजपर्यंत माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भेटली तेव्हा मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. पैसे मागायला आली असेल, नसेलही. मी मात्र धरून चालले होते. त्या दिवशी मला कळलं की माझ्या दारात आता माणूस येत नाही, मागणी येते.

तर यातून बाहेर कसं यायचं? पहिली गोष्ट वाक्याची. "हे लोक" हे दोन शब्द तू आणि तुमची टीम आजपासून सोडून द्या, चेष्टेतसुद्धा नको, टीममधल्या थट्टेतूनच हे विष भिनत जातं. राग आला तर ज्याचा आलाय त्याच्या नावाने येऊ दे. अमक्याने मशीन विकलं आणि मला त्याचा भयंकर राग आलाय, हे देवापुढे आणि मिस्टरांपुढे म्हणणं एकदम प्रामाणिक आहे, त्या रागाचं पुढे काहीतरी करता येतं, त्याच्याशी बोलता येतं, क्षमा करता येते, यापुढे याच्या हातात वस्तू द्यायची नाही असंही ठरवता येतं. पण तोच राग सगळ्या वस्तीला वाटून टाकला की मग कुणाशी बोलायचं आणि कुणाला क्षमा करायची? कोरडेपणा तिथून सुरू होतो. त्या नव्या मुलीचीही माफी माग आणि तिला कारण सांग, फक्त सॉरी म्हणून सोडू नकोस.

दुसरं खोटेपणाचं, आणि हे जरा नीट बघायला हवं. गरीब माणूस खोटं बोलतो तेव्हा बऱ्याचदा आपणच त्याला शिकवलेलं असतं. तुमच्याकडे मदत कशाला मिळते? आजाराला मिळते, मुलाच्या आजाराला लवकर मिळते. भाडं थकलंय, सावकार दारात उभा आहे, नवऱ्याने मारलंय, याला तुमच्या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. मग ती बाई ज्याला रकाना आहे ती गोष्ट सांगणार. तिने खोटं बोललंच, ते बरोबर नाहीच, पण पैसे खरंच कशाला लागले हे तिला कुणी शांतपणे बसून विचारलं का? मशीनचंही तसंच. ज्या घरात साठवलेलं काहीच नाही तिथे विकता येण्यासारखी एकच वस्तू असेल तर पहिल्या संकटाला तीच जाणार. त्याने दारूसाठीच विकलं असेल, मी त्याची बाजू घेत नाही, मी एवढंच म्हणते की तू चौकशी कर आणि मग दुःख कर, आधी निष्कर्ष आणि मग कोरडेपणा असं नको.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पहिल्या मंडळीतली तक्रार आहे बघ. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषित असं म्हणाले नाहीत की कितीही द्या, लोक कुरकुरणारच. त्यांनी व्यवस्था बदलली, सात माणसं नेमली, आणि त्या साती जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप दिलं. मला हा उतारा फार आवडतो. तुमच्याकडे पैसे देण्या-न देण्याचा निर्णय तू एकटी, दारात उभी राहून, समोर रडणारी बाई असताना घेत असशील तर तू जळणारच, दुसरं काही होऊच शकत नाही. तीन जण ठरवा, त्यात वस्तीतल्याच दोन बायका घ्या ज्यांना कोण खरं कोण खोटं हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, आठवड्यातून एक दिवस बसा, आणि दारात कुणी आलं तर पाणी द्यायचं, ऐकून घ्यायचं, पैशांचं त्या दिवशी ठरेल म्हणून सांगायचं. जीवावरचं असेल तर गोष्ट वेगळी. याने सगळं खोटं थांबणार नाही. पण दार वाजल्यावर तुझ्या पोटात येणारा गोळा कमी होईल, कारण त्या बाईचं सगळं तुझ्या एका हो-नाहीवर अडलेलं नसेल.

तिसरी गोष्ट, जिने मला खरं म्हणजे वाचवलं. लूक १० मध्ये येशूने सत्तर जणांना पाठवलं तेव्हा पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका असं सांगितलं, आणि जे तुमच्यापुढे वाढतील ते खा. म्हणजे तो त्यांना त्या घरांमध्ये पाहुणे म्हणून पाठवतोय, गरजू म्हणून पाठवतोय. आपण उलटं करतो, भरलेली पिशवी घेऊन जातो, आणि वर्षानुवर्षं फक्त देणारेच राहतो. सतत देणाऱ्या माणसाला समोर हातच दिसतात, चेहरे दिसायचे बंद होतात. दिवा बंद केला त्याच वर्षी पुढे मी टायफॉइडने आडवी झाले. घरी बघायला कुणी नव्हतं. तीच बाई आली, सेफ्टी पिनवाली. मी तिला त्याआधी दोनदा नाही म्हटलं होतं. माझ्या केसांची जटा झाली होती, ती उशाशी बसली आणि बोटांनी एक एक गुंता सोडवत राहिली, खालून वर, दुखू नये म्हणून मुळाशी केस घट्ट धरून. दोन तास तरी लागले असतील. प्रार्थना केली नाही, वचन सांगितलं नाही, शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. मी रडत होते आणि ती म्हणाली फार ओढलं का? त्यानंतर "हे लोक" हे शब्द माझ्या तोंडात बसेनात. तर तू वस्तीत आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या हाताने जा. मदत द्यायला नाही, प्रार्थना घ्यायलाही नाही. एखाद्या म्हातारीकडून काहीतरी शिक, कुणाच्या तरी घरी बस, तुझं दुखणं त्यांना सांग आणि तुझ्यासाठी प्रार्थना करायला त्यांना सांग. सुरुवातीला फार अवघड जातं, त्यातूनच कळतं आपण किती वरून बोलत होतो ते.

प्रार्थनेत शब्द येत नाहीत म्हणतेस. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हॅग्रियस नावाचे साधू होते, त्यांनी दुपारच्या भुताचं वर्णन केलंय, भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही, दिवस ५० तासांचा वाटतो, साधू सारखा बाहेर डोकावतो, आणि मनात येतं की इथे कुणात प्रेमच उरलेलं नाही, दुसरीकडे कुठेतरी जावं, दुसरं काही काम करावं. सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे हे. आणि मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये बाहेर आली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कितीतरी दशकं प्रार्थनेत अंधारच अनुभवला होता. शब्द येत नसतील तर उसने घे. बायबलमधल्या स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलाप आहे, आपण मंडळीत तो गातच नाही, सगळी आनंदाची गाणी म्हणतो आणि मग दुःखाला जायला जागा राहत नाही, ते आत राहून कडू होतं. ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी "तरीही स्तुती करीन" वगैरे काही नाही. यिर्मयाचा २० वा अध्याय वाच, देवा तू मला फसवलंस असं तो सरळ तोंडावर म्हणतो. आणि एक वही कर. नऊ वर्षांत त्या वस्तीत जे गेले, ज्यांच्या मयतीला तू उभी राहिलीस आणि दुसऱ्या दिवशी परत कामाला लागलीस, त्यांची नावं लिही. मी लिहायला बसले तेव्हा ४१ नावं निघाली. त्यातल्या एकासाठीही मी नीट रडले नव्हते. माझ्या अनुभवात कोरडेपणा हा बराचसा न रडलेला शोकच असतो.

विश्रांतीचं थोडक्यात, कारण तुला ते माहीतच आहे, फक्त तू करत नाहीस. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात शब्बाथाचं, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या दिवसाचं, कारण दिलंय, तू इजिप्तमध्ये दास होतास याची आठवण ठेव. दासाला सुट्टी नसते. तू स्वतःला सुट्टी देत नाहीस तेव्हा तुझा देव तुझ्या नकळत त्या इजिप्तच्या फारो राजासारखा झालेला असतो. मार्क ६ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो चला, एकांतात थोडी विश्रांती घ्या, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. खरं सांगायचं तर ती विश्रांती त्यांना मिळाली नाही, लोक धावत आधीच जाऊन पोचले आणि येशूला त्यांचा कळवळा आला. असं होतं, सुट्टी मोडते. पण त्याच दिवशी संध्याकाळी त्याने लोकांना निरोप दिला आणि डोंगरावर एकटा प्रार्थनेला गेला. भुकेलेले, आजारी लोक तेव्हा संपले होते असं नाही, त्याने निरोप दिला. निरोप देता येणं हेही सेवेतच आहे.

तीन महिने रात्रीचे फोन दुसऱ्या कुणाकडे दे, पंधरा दिवस वस्तीपासून लांब जा, आणि मग पाचारणाबद्दल विचार कर. तेव्हाही जावंसं वाटलं तर जा, त्यात पाप नाही. पण जाताना त्या लोकांचा नीट निरोप घेऊन जा.

प्रश्न: मी एका छोट्या ख्रिस्ती संस्थेचा प्रमुख आहे. आमच्याकडे तरुण कार्यकर्ते मोठ्या उत्साहाने येतात आणि दीड-दोन वर्षांत निघून जातात, जाताना कडवट होऊन जातात, काही तर मंडळीच सोडतात. आम्ही सकाळी रोज एकत्र प्रार्थना करतो, वर्षातून एक रिट्रीट असतं. आमच्या पिढीने याहून जास्त सोसलं आणि टिकलो. आजची मुलंच कमकुवत आहेत का?

उत्तर: भाऊ, तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून मीही मनापासून लिहिते. मुलं कमकुवत आहेत असं मला वाटत नाही. आणि आपली पिढी टिकली म्हणतो तेव्हा आपण जे उरलो त्यांनाच मोजतो, वाटेत जे गळाले त्यांची आपण गणतीच केली नाही, आठवून बघा.

तुम्हाला काही प्रश्न विचारते. पगार तारखेला होतो का? थोडाच असेल, पण तारखेला? कार्यकर्त्याच्या घरी भाडं थकलेलं असताना त्याला त्यागावर उपदेश द्यायचा हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय आणि कडवटपणाचं पहिलं बी तिथे पडतं. सुट्टी मागितली तर तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतं? तुम्ही स्वतः शेवटची सुट्टी कधी घेतलीत? तुम्ही घेत नसाल तर कुणीही घेणार नाही, रजेचे नियम कागदावर कितीही चांगले असू देत. आणि देणगीदारांना पाठवायच्या रिपोर्टसाठी तुम्ही त्यांच्याकडून दर महिन्याला एक बदललेल्या जीवनाची कहाणी मागता का? हे फार सावकाश मारतं. मुलाला माहीत असतं की तो माणूस रिपोर्ट गेल्यावर परत प्यायला लागला. एकदा, दोनदा तो गोष्ट जरा सावरून लिहितो, तिसऱ्यांदा त्याचा वस्तीतल्या माणसावरचा विश्वास उडतो, मग तुमच्यावरचा, आणि शेवटी देवावरचा. खरं लिहायला परवानगी द्या. देणगीदार आपल्याला वाटतात त्यापेक्षा समजूतदार असतात, आणि नसतील तर तो पैसा फार महाग पडतोय.

बायबलमध्ये इथ्रोने जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करताना बघितलं आणि सरळ सांगितलं, तू करतोस हे बरं नाही, तू पण झिजशील आणि हे लोकही झिजतील. लोकही, हे महत्त्वाचं. आणि व्हिन्सेंट द पॉल, ज्यांनी १६३३ साली लुईझ द मारियाक यांच्याबरोबर गरिबांची सेवा करणाऱ्या भगिनींचा संघ सुरू केला, त्यांनी लुईझना पत्रात बजावलं होतं की चांगल्या जिवांना झेपेल त्यापेक्षा जास्त करायला लावणं ही सैतानाचीच युक्ती असते, म्हणजे शेवटी त्यांच्याकडून काहीच होऊ नये. आपण उलट समजतो ना, की थांबणं ही सैतानाची युक्ती.

एकट्याला कुठेही ठेवू नका. फादर डेमियन १८७३ मध्ये हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये गेले, लोक त्यांचं धैर्य सांगतात, पण त्यांनी सोबतीसाठी, पापनिवेदन ऐकणाऱ्या एका धर्मगुरूसाठी किती तळमळ केली हे कमी सांगतात. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले, डेमियनना जहाजावर चढू दिलं नाही, तेव्हा त्यांनी खाली होडीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून आपलं पापनिवेदन केलं. एवढी गरज असते माणसाला आपलं ऐकणाऱ्याची. तुमच्या मुलांचं कोण ऐकतं? सकाळची एकत्र प्रार्थना चांगलीच आहे, पण बॉससमोर कुणी खरं बोलत नाही. बाहेरचं एखादं वडीलधारं माणूस शोधा, ज्याच्या हातात त्यांचा पगार नाही, त्याने महिन्यातून एकदा प्रत्येकाला तासभर द्यावा आणि आकडे न विचारता एवढंच विचारावं की या महिन्यात तू काय पाहिलंस. आणि एखादं मूल दगावलं, कुणी आत्महत्या केली, मारहाण डोळ्यांदेखत झाली, तर त्या कार्यकर्त्याला दुसऱ्या दिवशी फील्डवर पाठवू नका.

जे गेले त्यांनाही फोन करा. परत या म्हणायला नाही, काय झालं ते ऐकायला. आणि त्यांचं बोलून संपेपर्यंत तुमची बाजू मांडू नका.

प्रश्न: मी १७ वर्षांची आहे. माझी आई गरिबांमध्ये सेवा करते, सगळे तिला देवमाणूस म्हणतात. घरी आल्यावर ती बोलतच नाही, बोलली तर चिडते. माझ्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती दुसऱ्या मुलीला घेऊन हॉस्पिटलला गेली होती. मला त्या लोकांचा राग येतो आणि राग येतो म्हणून मी वाईट ख्रिस्ती आहे असं वाटतं. कुणाला सांगू?

उत्तर: बाळा, मला सांगितलंस ते बरं केलंस. तू वाईट नाहीस. तुला आई हवी होती आणि ती हवी असणं यात काही चुकलेलं नाही. त्या दुसऱ्या मुलीचाही त्यात दोष नाही हे तुला कळतंय, म्हणूनच तुझा राग इकडे तिकडे फिरतोय, त्याला बसायला जागा मिळत नाहीये.

बायबलमधल्या गीतरत्न या पुस्तकात एक मुलगी म्हणते, त्यांनी मला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावलं पण माझा स्वतःचा मळा मी राखला नाही. हे वाक्य मला माझ्या मुलाने दाखवलं होतं, तो तेव्हा तुझ्याच वयाचा होता, बायबल उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि आत निघून गेला. मला फार राग आला होता त्याचा. चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्याच्या खोलीत जाऊन बसले आणि काय बोलावं ते सुचेना, मग तोच म्हणाला, नुसती बस.

तुझी आई चिडते तेव्हा ती तुझ्यावर चिडत नसावी, ती संपलेली असते आणि उरलंसुरलं घरच्यांना मिळतं. हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाहीये, तिने हे सुधारायला हवं आणि ते काम तुझं नाही, तिचं आहे. तू एवढंच कर, ती थोडी शांत असेल तेव्हा, भांडणात नाही, तिला एक नेमकी गोष्ट माग. "तू मला वेळ देत नाहीस" असं म्हणालीस तर ती कारणं सांगेल. "बुधवारी संध्याकाळी सात ते नऊ फोन बंद करून माझ्याबरोबर बस" असं म्हण, त्याला हो किंवा नाहीच म्हणावं लागतं. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिही. बाबा, मावशी, आजी, जे कुणी जवळचं असेल त्यांनाही सांगून ठेव, एकटीने हे वागवू नकोस. आणि परीक्षेच्या त्या रात्रीचं तिला सांग. मला वाटतं तिला माहीतच नाही की तू त्या रात्री जागी होतीस.

तिने काय उत्तर दिलं ते मला कळव.